वेबसाइट माझ्याकडे चालते, ग्राहकाकडे का अडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली परिसरात शेतीपंपांचे सुटे भाग विकणाऱ्या एका उद्योगाची वेबसाइट मालकांच्या संगणकावर क्रोममध्ये व्यवस्थित चालते. मात्र आयफोन असलेल्या काही ग्राहकांना ऑर्डरचे पान कोरे दिसते, काहींचे पैसे खात्यातून जातात पण ऑर्डर नोंदली जात नाही, आणि मराठी पाने प्रत्येक यंत्रावर निराळी दिसतात. वेबसाइट करून देणाऱ्याचे म्हणणे असे की त्याच्याकडे सगळे चालते, तेव्हा ग्राहकांना क्रोम वापरायला सांगावे. हा सल्ला बरोबर आहे का, आणि संपूर्ण वेबसाइट नव्याने करून घ्यावी का, असे मालकांनी विचारले आहे.

आधी सल्ल्याविषयी. आयफोनवरच्या ग्राहकाला क्रोम घ्यायला सांगून काहीही साधत नाही, कारण आयफोनवरचे क्रोम आतून क्रोम नसते. पानाचा कोड वाचून ते पडद्यावर उभे करण्याचे काम ब्राउझरच्या पोटातील इंजिन करते, आणि आज व्यवहारात अशी तीनच इंजिने उरली आहेत: क्रोम, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट आणि जानेवारी २०२० पासून मायक्रोसॉफ्ट एज यांच्यात असणारे ब्लिंक, अॅपलच्या सफारीतील वेबकिट आणि फायरफॉक्समधील गेको. अॅपलच्या नियमाप्रमाणे आयफोनवरील प्रत्येक ब्राउझरला वेबकिटच वापरावे लागत आले आहे. युरोपीय संघातील कायद्यामुळे तेथे मार्च २०२४ पासून या नियमाला अपवाद झाला, पण भारतातील ग्राहकाला त्याचा उपयोग नाही. म्हणजे जे पान आयफोनवर सफारीत कोरे दिसते, ते त्याच फोनवर क्रोममध्येही कोरेच दिसणार. याच कारणाने संगणकावरील क्रोममध्ये खिडकी अरुंद करून किंवा फोनचा आकार निवडून केलेली तपासणी ही आयफोनची तपासणी ठरत नाही. त्यात फक्त आकार फोनचा असतो, इंजिन संगणकातल्या क्रोमचेच राहते.

या कामात अनेक वर्षे घालवल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. वेबसाइट सगळीकडे एकसारखी दिसली पाहिजे, हा आग्रह सोडून द्यावा आणि तिच्यावरचे काम सगळीकडे पार पडले पाहिजे, हा आग्रह धरावा. दुकानातल्या जुन्या विंडोज संगणकावर बटणाचे कोपरे गोल दिसले नाहीत तर एकही ऑर्डर बुडत नाही, पण ते बटण दाबले गेले नाही तर ऑर्डर बुडते, आणि बुडालेली ऑर्डर आपल्याला कळतही नाही. तक्रार करणारा ग्राहक विरळा असतो, बहुतेक जण मुकाट्याने दुसरीकडे जातात. म्हणून आपल्या वेबसाइटवर ग्राहक नेमकी कोणती चार-पाच कामे करतो, ते आधी कागदावर लिहावे. या उद्योगाच्या बाबतीत भाग शोधणे, किंमत पाहणे, ऑर्डर देणे, पैसे भरणे आणि फोन लावणे ही ती कामे आहेत. पुढे जे लिहिले आहे, ते या वाटेवरचे अडथळे कुठे असतात याविषयी आहे.

कोऱ्या पानापासून सुरुवात करतो, कारण नेमका असाच प्रकार मी एका ग्राहकाचा फोन हातात घेऊन पाहिला आहे. पानाच्या सजावटीची भाषा, म्हणजे सीएसएस, सहनशील असते. न समजलेली ओळ ब्राउझर सोडून देतो आणि पुढे जातो. पानावरच्या हालचाली आणि हिशेब चालवणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेचे तसे नाही. तिच्या फाइलमध्ये ब्राउझरला न समजणारी एक खूण आली, तर ती ओळच नव्हे, संपूर्ण फाइल चालत नाही. मी पाहिलेल्या प्रकरणात दोष किमतीत स्वल्पविराम घालणाऱ्या एका ओळीत होता. दशांश चिन्हाच्या पुढे स्वल्पविराम पडू नये म्हणून त्या ओळीत ‘याच्या आधी अमुक नसेल तरच’ असे सांगणारी एक खूण वापरली होती, जिला प्रोग्रॅमर लुकबिहाइंड म्हणतात. क्रोममध्ये ही सोय २०१७ पासून आहे. सफारीत ती १६.४ या आवृत्तीबरोबर मार्च २०२३ मध्ये आली. आयफोनवर सफारी स्वतंत्रपणे अद्ययावत होत नाही, ती फोनच्या प्रणालीबरोबरच बदलते, आणि आयफोन ७ ची प्रणाली तर आयओएस १५ पाशीच थांबलेली आहे. त्या फोनवर ती ओळ कधीच चालणार नव्हती, आणि पानावरची प्रत्येक गोष्ट त्याच फाइलमधून उभी राहत असल्यामुळे ग्राहकाला केवळ पांढरा पडदा दिसत होता. ती ओळ काढून ब्राउझरच्या अंगभूत सोयीने आकडा भारतीय पद्धतीने लिहून घेतला आणि पान उघडले. काम दहा मिनिटांचे होते, पण ते शोधायला दीड दिवस लागला.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली अशी की, नवा कोड जुन्या ब्राउझरला समजेल अशा रूपात उतरवून देणारी बॅबेलसारखी साधने जरूर वापरावीत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये, कारण वरची खूण त्यांच्या हातून बदलली जात नाही. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ऑर्डरचा फॉर्म साध्या एचटीएमएलचा, म्हणजे पानाचा सांगाडा लिहिण्याच्या भाषेतला, असावा, त्याचे पाठवण्याचे बटण जावास्क्रिप्टशिवायही सर्व्हरपर्यंत माहिती पोहोचवू शकेल असे असावे, आणि जावास्क्रिप्टने त्यावर सोयी चढवाव्यात. पाया असा घातला की स्क्रिप्ट बंद पडली तरी ग्राहकाला किंमत दिसते आणि ऑर्डर देता येते. पूर्ण पानच स्क्रिप्टमधून रंगवण्याची पद्धत आज सर्रास वापरली जाते, पण सुटे भाग विकणाऱ्या वेबसाइटला तिची गरज आहे असे मला वाटत नाही.

जुन्या ब्राउझरमधील उणिवा भरून काढणाऱ्या तयार स्क्रिप्ट परक्या पत्त्यावरून मागवू नयेत, त्या स्वतःच्या सर्व्हरवर ठेवाव्यात. पॉलिफिल डॉट आयओ हा अशा कामासाठी हजारो वेबसाइटनी वापरलेला पत्ता २०२४ मध्ये दुसऱ्या हातात गेला, आणि जूनमध्ये त्यावरून अपायकारक कोड वाटला जात असल्याचे उघड झाले. आपल्या वेबसाइटच्या कोडमध्ये तो पत्ता अजून कुठे राहिला आहे का, हे आजच पाहावे.

आता पैसे जाऊनही ऑर्डर न नोंदली जाण्याविषयी. येथे मी थोडा अधिक थांबतो, कारण या दोषात ग्राहकाचा विश्वास जातो. मी हाताळलेल्या एका प्रकरणात हा प्रकार रोज दोन-तीनदा घडे, पण आम्ही तपासायला बसलो की एकदाही घडत नसे. ग्राहकाची ओळख वेबसाइट एका कुकीत, म्हणजे त्याच्या ब्राउझरमध्ये जपलेल्या छोट्या चिठ्ठीत, ठेवते. ग्राहक पैसे भरायला गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेच्या, पानावर जातो, आणि काम झाल्यावर गेटवे त्याला फॉर्म पाठवण्याच्या पद्धतीने, म्हणजे पोस्ट करून, आपल्या वेबसाइटवर परत आणतो. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८० पासून नियम असा झाला की, ज्या कुकीवर ती परक्या साइटवरून येताना पाठवावी की नाही हे सांगणारी सेमसाइट ही सूचना लिहिलेली नाही, ती परक्या साइटवरून अशा पद्धतीने येताना बरोबर पाठवायची नाही. वेबसाइटच्या दृष्टीने परत आलेला माणूस अनोळखी ठरतो, त्याची टोपली रिकामी दिसते आणि ऑर्डर अधांतरी राहते. मात्र वेबसाइट एकदम मोडू नयेत म्हणून क्रोमने एक सवलत ठेवली. ती कुकी दोन मिनिटांपेक्षा जुनी नसेल, तर ती पाठवली जाते.

या दोन मिनिटांनीच आम्हाला चकवले होते. आमच्या टेबलावर चाचणी करणारा मुलगा लॉगिन करून ओटीपी हाती येताच टाकत असे आणि सव्वा मिनिटात मोकळा होई. खरा ग्राहक भाग निवडतो, मुलाला विचारतो, कार्ड शोधतो, ओटीपीची वाट पाहतो, आणि तोवर पाच मिनिटे होतात. घड्याळ लावून चार मिनिटे थांबलो तेव्हा दोष पहिल्याच खेपेला पकडला गेला. येथे अडवणारा ब्राउझर क्रोम होता आणि सफारीत तोच व्यवहार सुरळीत होत होता, हेही ध्यानात घ्यावे. ग्राहकांना क्रोम वापरायला सांगितले असते, तर नुकसान वाढले असते.

यावर कुकीला सेमसाइट नन (परक्या साइटवरून येतानाही पाठवावी) आणि सिक्युअर (फक्त सुरक्षित जोडणीवर पाठवावी) या सूचना लिहिणे हा जवळचा उपाय आहे, पण तो पुरेसा नाही. आयओएस १२ मधील सफारी सेमसाइट नन ही सूचना उलटी वाचते आणि कुकी अधिकच अडवते. खरा उपाय असा की, पैसे मिळाल्याची नोंद ग्राहकाच्या ब्राउझरवर सोपवूच नये. बहुतेक गेटवे व्यवहार पूर्ण होताच आपल्या सर्व्हरला परस्पर निरोप पाठवतात, त्याला वेबहुक म्हणतात. त्या निरोपावरची सही तपासून, त्यातील ऑर्डर क्रमांकावरून नोंद करावी, आणि ग्राहक परत येणारे पान हे फक्त पावती दाखवण्यापुरते ठेवावे. मग ग्राहकाने यूपीआयवरून पैसे देऊन ब्राउझर तेथेच बंद केला, फोनची बॅटरी संपली किंवा गावात रेंज गेली, तरी ऑर्डर नोंदलेली असते.

यूपीआयच्या बाबतीत आणखी एक ठिकाण पाहावे लागते. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीला स्पर्श केल्यावर पान बहुधा त्या अॅपच्या आतल्याच छोट्या ब्राउझरमध्ये उघडते. तेथे ग्राहकाच्या क्रोममधील लॉगिन नसते, आणि यूपीआयचे अॅप उघडणारा दुवा अनेकदा ‘अनोळखी पत्ता’ अशी चूक दाखवून थांबतो. तुम्ही जाहिरातीवर पैसे खर्च करत असाल, तर जाहिरातीवर स्वतः बोट ठेवून पैसे भरण्यापर्यंतची पूर्ण वाट एकदा चालून पाहावी. अशा ठिकाणी क्यूआर कोड आणि यूपीआय आयडी पानावर सरळ लिहिलेला असणे, हा मला सर्वांत भरवशाचा आधार वाटतो.

मराठी पानांचे दुखणे वेगळे आहे. पानासाठी फॉन्ट ठरवून दिलेला नसेल, तर प्रत्येक यंत्र स्वतःजवळचा देवनागरी फॉन्ट वापरते: विंडोजवर निर्मला किंवा जुना मंगल, अॅपलच्या यंत्रांवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर बहुधा नोटो. यांच्या अक्षरांची उंची आणि रुंदी वेगळी असल्यामुळे एकीकडे एका ओळीत बसलेले शीर्षक दुसरीकडे दोन ओळी घेते. मुंबईच्या एक टाईपने केलेले मुक्त किंवा बलू यांसारखे खुले फॉन्ट आपल्याच सर्व्हरवरून दिले की हा प्रश्न बराचसा सुटतो. सगळा नाही, कारण अक्षरे जोडण्याचे काम क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हार्फबझ नावाची यंत्रणा करते, तर सफारीत अॅपलची स्वतःची यंत्रणा. त्यामुळे बटणाला ठरावीक उंची देऊ नये. इंग्रजी मजकूर गृहीत धरून बनवलेल्या बटणात ‘खरेदी’ची वेलांटी किंवा ‘पूर्ण’चा रफार वरून कापला जातो आणि ‘मूल्य’चा दीर्घ ऊकार खालून, हे मी अनेकदा पाहिले आहे. ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीहून किंचित अधिक ठेवावी. इंग्रजी शीर्षके उठून दिसावीत म्हणून अक्षरांत सोडलेली मोकळी जागा मराठीला मुळीच लावू नये, कारण तिने शिरोरेषा तुटते. पानाची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये जरूर लिहावे. काही फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणे स्वतंत्र दिलेली असतात, आणि ती या एका सूचनेवरूनच निवडली जातात.

आकड्यांचाही प्रश्न आहे आणि तो दिसण्यापुरता नाही. फोनवर मराठी कीबोर्ड लावलेला शेतकरी आपला मोबाइल क्रमांक देवनागरी आकड्यांत लिहितो, तेव्हा जावास्क्रिप्टची नेहमीची अंक तपासणारी खूण फक्त इंग्रजी अंक ओळखते आणि ‘क्रमांक चुकीचा आहे’ असे त्याला सांगते. क्रमांक चुकीचा नसतो, आपली तपासणी अपुरी असते, आणि मराठी माणसाला मराठी पानावर मराठी आकड्यांसाठी अडवणे मला मनापासून लागते. आलेले देवनागरी अंक सर्व्हरवर बदलून घेणारी ओळ लिहायला पाच मिनिटे लागतात. मोबाइल आणि पिनकोडसाठी संख्येचा रकाना न देता दूरध्वनीचा रकाना द्यावा, म्हणजे फोनवर अंकांचा कीबोर्ड उघडतो आणि संगणकावर माउसचे चाक फिरून पिनकोड बदलण्याचा धोका राहत नाही. किंमत लिहितानाही भाषा स्पष्ट सांगावी. ती न सांगितल्यास एका यंत्रावर १,२५,००० आणि दुसऱ्यावर १२५,००० असे दिसते.

शोधाची पेटी मराठीत चालत असेल तर ‘दोऱ्या’ हा शब्द टाकून पाहावा. त्यातील ऱ्य दोन वेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात, आणि भाग गोदामात असूनही ‘सापडला नाही’ असे उत्तर येते. साठवताना आणि शोधताना दोन्ही रूपे एकाच रूपात आणून घ्यावीत.

बाकीच्या गोष्टी झरझर सांगतो. आयफोनवर रकान्यातील अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर बोट ठेवताच पान मोठे होऊन सरकते. पूर्ण पडद्याची उंची सांगणारे जुने परिमाण फोनवर पत्त्याची पट्टी धरत नाही, त्यामुळे तळाचे ‘ऑर्डर द्या’ हे बटण पट्टीखाली दडते. त्यासाठी २०२२ मध्ये सफारी आणि क्रोम या दोन्हींत आलेले डीव्हीएच हे परिमाण वापरावे आणि त्याच्या आधीच्या ओळीत जुनेही लिहून ठेवावे. तारीख आणि वेळ यांच्यात नुसती मोकळी जागा ठेवून लिहिलेला मजकूर क्रोम समजून घेतो, सफारीच्या अनेक आवृत्त्या मात्र ती तारीख अवैध ठरवतात. मेनू माउस नेल्यावरच उघडत असेल तर बोटाने चालवणाऱ्याला तो सापडत नाही. ब्राउझरचे नाव वाचून निर्णय घेणारा कोड असेल तर तो काढून टाकावा, कारण २०१९ मधील आयपॅडओएस १३ पासून आयपॅडवरची सफारी स्वतःला मॅक म्हणवते. नाव विचारण्याऐवजी अमुक सोय उपलब्ध आहे का, असे विचारावे.

कोणकोणत्या ब्राउझरची काळजी घ्यायची, हे आपल्याच सर्व्हरच्या नोंदी पाहून ठरवावे. जगभराची सरासरी सांगलीच्या दुकानदाराविषयी काही सांगत नाही. इंटरनेट एक्सप्लोररचा विचार आता सोडून देता येतो, कारण मायक्रोसॉफ्टने त्याची ११ वी आवृत्ती १५ जून २०२२ रोजी निवृत्त केली. पण विक्रेत्यांच्या दुकानांत विंडोज ७ चे संगणक अजून दिसतात, आणि त्यांवर चालणारे शेवटचे क्रोम हे १०९ वे आहे. ते या यादीत असावे. अँड्रॉइड ७.१.१ पेक्षा जुन्या फोनना, वेबसाइटची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे आजचे मूळ प्रमाणपत्र ओळखता येत नाही, आणि असे फोन तुमच्या नोंदींत मोठ्या संख्येने असतील तर प्रमाणपत्र दुसरीकडून घ्यावे. एखादी नवी सोय वापरावी की नाही, यासाठी बेसलाइन हे मोजमाप उपयोगी आहे. मुख्य ब्राउझरांत येऊन ३० महिने झालेली सोय ते ‘सर्वत्र उपलब्ध’ मानते. व्यावसायिक वेबसाइटच्या मुख्य वाटेवर यापेक्षा नवे काही नसावे, असा नियम मी पाळतो.

तपासणीसाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. कमी मेमरीचा एक जुना अँड्रॉइड फोन, चार-पाच वर्षांपूर्वीचा एक आयफोन आणि १३६६ बाय ७६८ पडद्याचा एक विंडोज लॅपटॉप एवढे हाताशी ठेवावे. दोन्ही फोन जुन्या बाजारातून घ्यावेत, कारण ग्राहकाच्या हातीही तेच असतात. जे यंत्र जवळ नाही, त्यासाठी २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ब्राउझरस्टॅकसारख्या सेवेवर दूरचा खरा फोन भाड्याने मिळतो. प्लेराइट हे साधन तिन्ही इंजिनांवर ठरलेली वाट दररोज रात्री आपोआप चालवून पाहते. मात्र त्यातील वेबकिट म्हणजे आयफोनवरची सफारी नव्हे, हे लक्षात ठेवून महिन्यातून एकदा खऱ्या फोनवर खरी ऑर्डर देऊन, खरे पैसे भरून पाहावे. शिवाय ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये घडलेली स्क्रिप्टची चूक आपल्या सर्व्हरवर नोंदवून घ्यावी. त्यासाठीचा छोटा तुकडा मुख्य फाइलपासून वेगळा आणि अगदी जुन्या धाटणीत लिहावा, नाहीतर फाइल मोडली की नोंद करणाराही तिच्याबरोबर जातो.

नवी वेबसाइट करण्याची गरज मला दिसत नाही. तुम्ही सांगितलेले तिन्ही दोष वेगवेगळ्या कारणांचे आहेत आणि आहे त्या वेबसाइटमध्येच दुरुस्त होऊ शकतात. नव्या वेबसाइटचे कामही वर सांगितलेल्या यंत्रांवर न तपासता झाले, तर हेच दोष परत येतील. सर्वांत आधी वेबहुकचे काम करून घ्यावे, कारण त्यात ग्राहकाचे पैसे अडकलेले आहेत. त्यानंतर कोऱ्या पानाचे आणि मग मराठी पानांचे. कामाचा करार करताना ‘सर्व ब्राउझरवर चालेल’ असे मोघम वाक्य न घालता यंत्रांची आणि आवृत्त्यांची यादी, तसेच त्या प्रत्येकावर पार पडायची ती चार-पाच कामे लिहावीत, आणि शेवटचा हप्ता ती कामे तुमच्यासमोर, तुमच्या दुकानातल्या यंत्रांवर करून दाखवल्यावरच द्यावा. ज्या ग्राहकांचे पैसे गेले आणि ऑर्डर नोंदली गेली नाही, त्यांची यादी गेटवेच्या खात्यातून आजच काढता येईल. दुरुस्तीची वाट न पाहता त्यांना आधी फोन करावा.